पोंगोकचा झरा आणि गावकऱ्यांचे हिस्से

इंडोनेशियात, मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यात, पोलानहार्जो तालुक्यात पोंगोक नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास, चार वाड्या, भाताची खाचरं आणि माशांची तळी. पश्चिमेला मेरापी ज्वालामुखी, सकाळी आभाळ मोकळं असलं की स्पष्ट दिसतो. या शतकाच्या सुरुवातीला हे गाव सरकारदरबारी मागास गावांत मोजलं जायचं. २०१६ पर्यंत गावाच्या मालकीच्या उद्योगाची वार्षिक उलाढाल दहा अब्ज इंडोनेशियन रुपियांच्या पुढे गेली होती, म्हणजे आपल्याकडच्या साधारण पाच कोटी रुपयांच्या.

इंडोनेशियातल्या गावात राहावं, थोडा पैसा लावावा आणि देशही फिरावा, असा विचार करणारे मराठी लोक आता बरेच भेटतात. बालीत जाऊन आलेल्यांच्या मनात तो हमखास येतो. त्यांना मी बालीऐवजी पोंगोक समजून घ्यायला सांगतो. या गावात पैसा कुठून आला, कुणाला लावू दिला आणि कुणाला नाही, हे नीट पाहिलं तर बाहेरच्या माणसाची जागा कोणती, हे आपोआप कळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: पोंगोक उभं राहिलं, कारण गावाने भांडवलाचा दरवाजा बाहेरच्यांसाठी उघडलाच नाही.

झऱ्याचं पाणी

मेरापीच्या उतारावर पडणारा पाऊस राखेच्या आणि वाळूच्या थरांतून जिरतो आणि पायथ्याला क्लातेनमध्ये झऱ्यांच्या रूपाने वर येतो. अशा झऱ्याला इथे ‘उंबुल’ म्हणतात. या पट्ट्यात असे झरे जागोजागी आहेत. जवळच्या चोक्रोतुलुंगच्या झऱ्याचं पाणी १९२९ च्या सुमारास सुराकार्ताच्या राजाने नळाने थेट आपल्या शहरात नेलं. ते शहर म्हणजे आजचं सोलो, आणि तिथल्या पाणीपुरवठ्याची सुरुवात तिथून धरतात. डच काळात याच पाण्यावर ऊसही पिकायचा. क्लातेनजवळच्या गोंदांगचा साखर कारखाना १८६० चा आहे. जावातल्या ऊसाचं आपल्याशीही नातं आहे. इथल्या संशोधन केंद्राने काढलेली पीओजे २८७८ ही जात दख्खनच्या कालव्यांवर लावली जायची, आणि पुढे आपल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं घेतलेल्या को ४१९ ची ती एक जनक. हे विषयाला थोडं सोडून झालं, पण क्लातेनमधल्या पाटाच्या कडेने चालताना फलटण-बारामतीकडच्या माणसाला परकं वाटत नाही, त्यामागे हेही असावं.

उंबुल पोंगोकचा तलाव फार मोठा नाही. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद, खोली दीड ते अडीच मीटर. तळाला वाळू आणि गोटे, पाणी इतकं नितळ की काठावरून गोटे मोजावेत. पूर्वी गावातली माणसं इथे अंघोळ करायची, बायका धुणी धुवायच्या. तळ्याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं, कारण उत्पन्नच नव्हतं.

१५ डिसेंबर २००९ रोजी, जुनैदी मुल्योनो गावप्रमुख असताना, गावाने ‘तिर्ता मांदिरी’ नावाचा ग्रामउद्योग स्थापन केला. या प्रकारच्या उद्योगाला इंडोनेशियात ‘बुमडेस’ म्हणतात. सुरुवातीच्या कामांत लोकांना छोटी कर्जं देण्याचं काम होतं, म्हणजे सावकाराकडे जावं लागू नये. मग तळ्याकडे लक्ष गेलं. तळं साफ झालं, मासे सोडले, तिकीट लावलं, आणि पाण्याखाली फोटो काढायची सोय केली.

हा फोटोचा प्रकार बघण्यासारखा आहे. तळाच्या वाळूवर खरोखरची मोटारसायकल उभी केलेली असते. एखादी मुलगी श्वास भरून खाली जाते, हॅण्डल धरून सीटवर बसते, ओढणी पाण्यात वर तरंगायला लागते. समोर पाण्यातच फोटोग्राफर असतो. तो बोटांनी खूण करतो, तिच्या खांद्यावरून केशरी मासा जातो, फोटो निघतो, आणि ती धापा टाकत वर येते. काठावर मैत्रिणी ओरडत असतात. मग फोटो फोनमध्ये घेतले जातात आणि दहा मिनिटांत जगभर पसरतात. सायकल, तंबू, टीव्हीसमोर मांडलेल्या खुर्च्या, असं बरंच काही पाण्याखाली ठेवलेलं असतं. जाहिरातीवर फारसा खर्च न करता गावाची कीर्ती झाली ती अशी.

हिस्सा कुणाचा

तिकिटाचा पैसा येऊ लागल्यावर आणखी सोयी उभारायला भांडवल लागलं. तो काळ महत्त्वाचा आहे. इंडोनेशियाचा ग्राम कायदा २०१४ चा (क्रमांक ६). त्याखाली केंद्राकडून थेट गावांना निधी जायला लागला तो २०१५ पासून. पहिल्या वर्षी वीस हजार अब्ज रुपियांच्या वर, २०१७ मध्ये साठ हजार अब्ज. सुमारे पंचाहत्तर हजार गावांत तो वाटला जातो. आपल्याकडच्या वित्त आयोगाच्या निधीसारखंच हे. पण पोंगोकचा उद्योग या निधीच्या आधी सुरू झाला होता. सरकारी पैसा आला तेव्हा गावाकडे हिशेब ठेवायची सवय, नोकरीवर ठेवलेली माणसं आणि चालतं काम आधीच होतं. इतर अनेक गावांनी निधी आला म्हणून बुमडेस काढले आणि ते पाटीपुरतेच राहिले. निधी सारखाच होता, फरक पडला तो या क्रमाने.

भांडवलासाठी गावकऱ्यांनाच हिस्से घ्यायला सांगण्यात आलं. एक हिस्सा पाच दशलक्ष रुपियांचा, म्हणजे आपले पंचवीस हजारांच्या आसपास. (आपल्या वाचकाला ‘पन्नास लाख रुपिया’ म्हटलं की धडकी भरते, म्हणून हे रूपांतर लक्षात ठेवलेलं बरं.) हिस्सेदार कुटुंबाला दरमहा काही लाख रुपिया परतावा मिळू लागला. शेतमजुरी करणाऱ्या घरात तो महिन्याचा किराणा आणि विजेचं बिल भागवतो. नफ्यातला ठरलेला वाटा गावाच्या तिजोरीत जातो. त्यातून ‘एका घरात एक पदवीधर’ ही योजना निघाली. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला दरमहा तीन लाख रुपियांची मदत. पुढे तळ्याखेरीज गावाचं दुकान, माशांची तळी भाड्याने देणं, लहान मुलांसाठी दुसरं जलविहार केंद्र, अशी कामं वाढत गेली.

सहकारी साखर कारखान्याचा सभासद असलेल्या मराठी शेतकऱ्याला हे सगळं चटकन समजेल. हिस्सा छोटा, मालक अनेक, आणि संचालक मंडळातला माणूस रोज बाजारात भेटणारा. फरक इतकाच की इथे सभासद व्हायला ऊस लागत नाही, गावात घर लागतं. २०२१ च्या सरकारी नियमाने (क्रमांक ११) बुमडेसला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला, आणि नफ्यातून राखलेला भाग सोडला तर त्याचं भांडवल दोनच ठिकाणांहून येतं असं त्यात धरलेलं आहे: ग्रामसंस्था आणि त्या गावचे लोक. तळ्याची जमीन गावाची. गावची मालमत्ता तारण ठेवता येत नाही. त्यामुळे धंदा बुडाला तरी बँक तळं उचलून नेऊ शकत नाही.

हे वाचताना मला आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आठवतं. गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही, असा ठराव तिथल्या ग्रामसभेने केला आणि पाण्याचा ताळेबंद दरवर्षी सगळ्यांसमोर मांडला. दोन्ही गावांनी एकमेकांकडे पाहून काही केलेलं नाही. पण पाणी हीच खरी मालमत्ता आहे आणि ती बाहेर गेली की गाव नावापुरतं उरतं, हे दोघांनीही वेळेत ओळखलं.

बाहेरच्याने पैसा लावायचा म्हटलं तर

आता आपला प्रश्न. परदेशी माणसाला पोंगोकच्या बुमडेसमध्ये हिस्सा मिळत नाही, हे वर आलंच. मग घर-जमीन घेता येईल का? १९६० चा मूलभूत जमीन कायदा (क्रमांक ५) इथे स्पष्ट आहे. पूर्ण मालकी, ज्याला ‘हाक मिलिक’ म्हणतात, फक्त इंडोनेशियन नागरिकाची. परदेशी माणसाकडे ती वळवण्याचा कुठलाही व्यवहार कलम २६ नुसार मुळातच रद्दबातल ठरतो आणि जमीन सरकारजमा होते. शेतजमिनीला तर जुना नियम असा की मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा. म्हणजे जकार्तात राहणाऱ्या इंडोनेशियन माणसालाही क्लातेनमधलं भाताचं खाचर सहजासहजी घेता येत नाही.

तरीही बालीत आणि इतरत्र एक पळवाट सर्रास सांगितली जाते. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घ्यायची, पैसा आपला, आणि त्याच्याशी बाजूला एक खासगी करार करायचा. मी हे कुणालाही करू देणार नाही. त्या कराराला कायदा ओळखत नाही. ज्याच्या नावावर जमीन आहे तो वारला, त्याचं लग्न मोडलं, किंवा त्याच्या मुलांनी वाटणी मागितली, की तुमच्या हातात काहीच उरत नाही. आणि तुम्ही ज्याला या व्यवहारात ओढलं, त्या माणसालाही गावात मान खाली घालावी लागते. त्याचं नुकसान आपण मोजतच नाही.

कायदेशीर मार्ग आहेत, पण ते वेगळे आहेत. राहण्याचा परवाना असेल तर ‘हाक पाकाई’ म्हणजे ठरावीक मुदतीचा वापर-हक्क मिळू शकतो. घर वर्षाच्या कराराने भाड्याने घेता येतं, आणि गावात तेच सगळ्यांत सोपं. व्यवसाय करायचा तर परदेशी भांडवलाची कंपनी काढावी लागते, आणि तिच्यासाठी गुंतवणुकीचा आराखडा जमीन-इमारत वगळून किमान दहा अब्ज रुपियांचा लागतो. हा आकडा वरच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. एका परदेशी माणसाकडून सरकार जितक्या गुंतवणुकीची हमी मागतं, तितकी अख्ख्या पोंगोकची २०१६ मधली वर्षाची उलाढाल होती. दोन खोल्यांचं होमस्टे काढावं असं म्हणणाऱ्या माणसासाठी हा रस्ता बांधलेलाच नाही. छोटे धंदे इथल्या लोकांसाठी राखलेले आहेत, आणि मला ते योग्य वाटतं. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावरची घरं कशी हातची गेली, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी वेगळं काय सांगणार?

जोडीदार इंडोनेशियन असेल तर गोष्ट बदलते. तिथेही मालमत्ता वेगळी ठेवण्याचा विवाह-करार लागतो. २०१६ च्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर तो लग्न झाल्यावरही करता येतो. हे काम मात्र चांगल्या नोटरीकडूनच करून घ्यावं.

राहणं

गावात राहायला आलात की पहिलं काम पोलिसांत नाही, एर-ते म्हणजे आळीच्या प्रमुखाकडे जायचं. चोवीस तासांहून जास्त थांबणाऱ्या पाहुण्याने कळवावं, अशी पाटी जवळजवळ प्रत्येक आळीच्या तोंडाशी असते. लोक ती पाळतात. पासपोर्टची झेरॉक्स आणि थोडा खाऊ घेऊन गेलात की अर्धा तास बसून बोलणं होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला तुम्ही माहीत असता. थोरांना ‘पाक’ आणि ‘बु’, आपल्या बरोबरीच्यांना ‘मास’ आणि ‘म्बाक’. नावाने एकेरी हाक मारली तर कुणी काही बोलणार नाही, पण मनात ठेवतील.

मग येतात आळीच्या जबाबदाऱ्या. रविवारी सकाळी ‘कर्जा बाक्ती’, म्हणजे गटारं साफ करणं, रस्ता झाडणं, देखभालीचं सामूहिक काम. रात्री पुरुषांची पाळीपाळीने गस्त, ‘रोंडा’. या गस्तीची एक रीत मला फार आवडते. बऱ्याच गावांत प्रत्येक घराच्या भिंतीला एक छोटा डबा किंवा करवंटी टांगलेली असते आणि घरातली बाई संध्याकाळी त्यात मूठभर तांदूळ टाकते. गस्तीवाले फिरताना तो गोळा करतात. आता कित्येक ठिकाणी तांदळाऐवजी पाचशेचं नाणं असतं. डबा रिकामा दिसला तर गस्तवाला दार वाजवून विचारतो, कुणी आजारी तर नाही ना? जमा झालेल्या पैशातून आळीतले दिवे, मांडवाच्या खुर्च्या, कुणाच्या मयतीचा खर्च भागतो. लग्नाच्या घरी शेजारणी आदल्या दिवसापासून स्वयंपाकाला जातात. पाकिटात आहेर द्यावा लागतो, आणि लग्नसराईच्या महिन्यात तो खिशाला चांगलाच जाणवतो. राहायचा खर्च काढताना भाडं, वीज, बाजार एवढंच धरणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.

शाकाहारी माणसाची सोय उत्तम आहे: टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, टोफू, शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या, देलंग्गूचा प्रसिद्ध तांदूळ. फक्त सांबाल म्हणजे मिरचीची चटणी घेताना विचारायचं, कारण त्यात बहुतेक वेळा ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी असते. मासे खाणाऱ्याने झऱ्याच्या काठी भाजलेला ‘नीला’ म्हणजे तिलापिया मासा चुकवू नये.

जाण्यायेण्याचं

२०२३ पासून मुंबई–जकार्ता थेट विमान सुरू झालं. जकार्ताहून योग्याकार्ताला रेल्वेने साधारण सहा-सात तास लागतात, आणि दिवसाच्या गाडीने गेलं तर खिडकीतून अर्धा जावा पाहून होतो. योग्याकार्ता ते सोलो अशी लोकल २०२१ पासून धावते. भाडं आठ हजार रुपिया, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस रुपये. क्लातेन किंवा देलंग्गू स्टेशनला उतरायचं. पुढे बस शोधत बसू नये, ॲपवरून मोटारसायकल किंवा गाडी बोलवावी. परतीचं त्याच चालकाशी बोलून ठेवलेलं बरं. भारतीय पासपोर्टवर आल्यावर मिळणारा व्हिसा पाच लाख रुपियांचा, तीस दिवसांचा, आणि आणखी तीस दिवस एकदाच वाढतो. त्यावर काम करता येत नाही, मदत म्हणून फुकट केलेलं कामही अडचणीत आणू शकतं.

तळ्यावर शनिवार-रविवारी जाऊ नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेलं तर पाणी नितळ असतं आणि ऊन तळापर्यंत पोचतं. तिकीट बरीच वर्षं पंधरा हजार रुपिया होतं. रमजानच्या आदल्या दिवशी इथले सगळेच झरे माणसांनी फुलतात, कारण उपवास सुरू होण्याआधी झऱ्यावर स्नान करायची जुनी जावानी रीत आहे. फोटोसाठी तो दिवस नाही, पण गाव समजून घ्यायला त्यासारखा दुसरा नाही. प्रांबाननचं मंदिर याच जिल्ह्याच्या सीमेवर, आणि भातखाचरांतली प्लाओसानची जुळी बौद्ध मंदिरं क्लातेनमध्येच आहेत. तिथे गर्दी कमी असते.

कुठे दुखतं

पोंगोकचं सगळं गोड आहे असं नाही. उत्पन्नाचा मोठा भाग एका तळ्यावर उभा आहे. २०२० मध्ये महासाथीत पर्यटन थांबलं तेव्हा हिस्सेदारांना हे चांगलंच कळलं. दुसरं, शेजारपाजारच्या गावांनी आपापले झरे सजवले. वुनुत गावाचा उंबुल पेलेम आता तितकाच गजबजतो, आणि त्या गावाने २०२५ च्या ईदला आपल्या उद्योगाच्या नफ्यातून तान्ह्या बाळासकट प्रत्येक गावकऱ्याला दोन लाख रुपिया सणाचा बोनस दिला. एकाच तालुक्याच्या आसपास ही दोन रूपं बघायला मिळतात: पोंगोकमध्ये ज्याने हिस्सा घेतला त्याला परतावा, वुनुतमध्ये जो गावचा त्याला वाटा. मला दुसरं जास्त न्याय्य वाटतं. पंचवीस हजार रुपये बाजूला काढणं ज्याला जमलं नाही, त्याचंही त्या पाण्यावर तितकंच नातं आहे.

सगळ्यांत मोठी काळजी पाण्याचीच. याच तालुक्यात बाटलीबंद पाण्याचा मोठा कारखाना या शतकाच्या सुरुवातीपासून आहे, आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी पाटाचं पाणी घटल्याची तक्रार वर्षानुवर्षं केली आहे. त्यात शेतीचे पंप आले, आता तळ्यांच्या रांगा आल्या. पण झरा भरतो तो वरती, मेरापीच्या अंगावर, जिथे वाळूच्या खाणी आहेत, भाजीची शेती वाढते आहे आणि झाडं कमी होतात. तिथल्या गावांना पोंगोकच्या तिकिटातला काय वाटा मिळतो? वरच्या गावांनी उतारावर झाडं राखली, चर खणले, तर त्याचा मोबदला खालच्या बुमडेसच्या नफ्यातून दरवर्षी जायला हवा, आणि तो गावसभेत आकड्यानिशी मांडला जायला हवा. पोंगोकला जाणाऱ्या मराठी माणसाला गुंतवणूक करायचीच असेल, तर तिथे हिस्सा मागण्याऐवजी त्याने गावकचेरीत जाऊन हा प्रश्न विचारावा. कचेरी सकाळी उघडी असते, आणि हिशेबाचा फलक बाहेरच्या बाजूलाच लावलेला असतो.